‘ड’ कितवा?

वाचकहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करा. ‘आगरदांडा’ हा शब्द मनातल्या मनात म्हणा आणि त्यात ‘ड’ कितवा, ते बोटांवर मोजून पाहा. आ, ग, र, दां, डा. पाचवा! कोणत्याही मराठी घरात विचारा, हेच उत्तर मिळेल. रविवारच्या शब्दकोड्यात या गावासाठी पाचच चौकोन आखलेले असतील.

आता हाच प्रश्न संगणकाला विचारा. तो सांगेल, सातवा. शब्दात एकूण अक्षरे किती, असे विचारले तर म्हणेल, आठ. “यंत्राला मराठी कुठून येणार?” असे म्हणून आपण ही गोष्ट हसण्यावारी नेऊ शकतो. पण तसे करू नये. संगणकाने मोजण्यात चूक केलेली नाही, आणि आपणही केलेली नाही. मग पाच आणि सात यांत खरे कोण? एका सातवीतल्या मुलीने मला या प्रश्नाच्या मागे लावले, त्याची ही हकिगत.

ज्यांनी आगरदांडा पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. रायगड जिल्ह्यात मुरुड ओलांडून पुढे गेले की राजपुरीची खाडी लागते. तिच्या काठावर हे गाव आहे. रस्ता जेटीपाशी येऊन संपतो. समोर दिघी दिसते, पण मध्ये पाणी. मग माणसे, मोटारसायकली, गाड्या सगळे जंगलजेटीत चढतात आणि पलीकडे उतरून म्हसळ्याकडे, श्रीवर्धनकडे जातात. खाडीच्या मुखाशी पाण्यात जंजिरा उभा आहे. माझा मावसभाऊ या गावात राहतो. मी मुंबईत वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. सगळी उमर काना, मात्रा, वेलांट्या तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आगरदांड्याला जाऊन राहायचे, हा माझा परिपाठ आहे.

त्या घरातली नात सातवीत शिकते. शाळेतल्या सरांनी सुट्टीचा अभ्यास दिला होता. आपल्या गावाच्या नावात एखादे अक्षर कितव्या जागी आहे, हे शोधून देणारा प्रोग्रॅम ‘स्क्रॅच’मध्ये तयार करायचा. काकाने वापरून सोडलेला जुना लॅपटॉप ओटीवर मांडून ती बसली होती. “आजोबा, तुम्ही अक्षरांतले ना? मग बसा इथे!” असा हुकूम झाला आणि मी बसलो.

‘स्क्रॅच’ म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात शाळकरी मुले नाहीत त्यांना सांगायला हवे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली आणि २००७ साली ती सर्वांना खुली केली. हिच्यात हुकूम टंकायचे नसतात. प्रत्येक हुकमाचा एक रंगीत ठोकळा असतो. ठोकळ्याला खाच असते, दुसऱ्याला उंचवटा असतो. ते एकाखाली एक अडकवायचे की झाला प्रोग्रॅम. जे जुळू शकत नाही ते अडकतच नाही, त्यामुळे मुलांचा वेळ व्याकरणाच्या चुका काढण्यात जात नाही.

या कल्पनेचे मूळ आणखी जुने आहे. १९६७ साली सिमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची भाषा रचली. पडद्यावर रेघा काढणारे तिचे कासव पुढे प्रसिद्ध झाले, पण ते आले नंतर. पहिले धडे शब्दांचे आणि वाक्यांचे होते. ‘लोगो’ हे नावदेखील ‘शब्द’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. तेव्हा मुलांच्या हाती संगणक देऊन त्यांना शब्द उलगडायला लावणे, हे काही आजचे खूळ नव्हे.

आता मुख्य काम. स्क्रॅचमध्ये ‘शब्दातले अमुकाव्या जागेचे अक्षर’ सांगणारा ठोकळा आहे. शब्दाची लांबी सांगणारा आहे. शब्दात अमुक अक्षर आहे की नाही, हे सांगणाराही आहे. पण ‘अमुक अक्षर कितवे?’ याचे थेट उत्तर देणारा ठोकळा मात्र नाही. तो आपण बनवायचा, आणि त्यातच खरी शिकवण आहे.

मी तिला म्हटले, “समज, आळीत एका माणसाचे घर शोधायचे आहे. घरांवर नावे नाहीत, नंबर नाहीत. काय करशील?”

“पहिल्या घरापासून विचारत जाईन.”

झाले! प्रोग्रॅमही नेमके हेच करतो. ‘जागा’ नावाचा एक डबा घ्यायचा आणि त्यात १ ठेवायचा. मग विचारायचे, या जागेवरचे अक्षर हवे तेच आहे का? नसेल तर डब्यातल्या आकड्यात १ मिळवायचा आणि पुन्हा विचारायचे. अक्षर सापडेपर्यंत हा फेरा चालू ठेवायचा. सापडले की डब्यातला आकडा हेच उत्तर.

पण तो माणूस त्या आळीत राहतच नसेल तर? प्रोग्रॅमला दमणे ठाऊक नाही. शब्द संपला तरी तो नवव्या, नव्वदाव्या, नऊ हजाराव्या जागी विचारत राहील. “खाडी आली की थांबायचं, असं त्याला सांगावं लागेल,” ती म्हणाली. जेटीच्या गावातल्या मुलीला दुसरी कोणती उपमा सुचणार! म्हणून फेरा थांबवायला दोन अटी: अक्षर सापडले, किंवा डब्यातला आकडा शब्दाच्या लांबीपेक्षा मोठा झाला. दुसऱ्या कारणाने थांबलो असू तर ‘सापडले नाही’ असे सांगायचे. आणखी एक गोष्ट तिच्याच लक्षात आली. ‘राजपुरी’त ‘र’ दोनदा येतो आणि प्रोग्रॅम पहिल्यापाशीच थांबतो. सगळ्या जागा हव्या असतील तर न थांबता शेवटपर्यंत चालत जायचे आणि सापडलेली प्रत्येक जागा यादीत टाकत राहायचे.

सरांनी वर्गात इंग्रजी शब्द घेतला होता, म्हणून तिने गावाचे नावही आधी रोमन लिपीत घातले. ए, जी, ए, आर, डी, ए, एन, डी, ए. ‘डी’ कितवा? पडद्यावरचे मांजर म्हणाले, पाच. तिने वहीत बोटांवर मोजून आधीच पेन्सिलीने ५ लिहून ठेवले होते. उत्तर जुळले, स्वारी खूश!

पण माझ्यातला मुद्रितशोधक स्वस्थ बसेना. मी विचारले, “हा कोणता डी गं? दांमधला द की डामधला ड?” तिने पुन्हा मोजले. पाचवा ‘डी’ हा ‘दां’मधला होता! आपला ‘ड’ तर आठव्या जागी. रोमन लिपीला द आणि ड यांतला फरक दाखवता येत नाही, म्हणून चुकीच्या अक्षराला बरोबर आकडा मिळाला होता. केवळ योगायोग. तिने लगेच कळफलक बदलला, देवनागरीत ‘आगरदांडा’ लिहिले, ‘ड’ शोधायला सांगितले, आणि मांजर म्हणाले, सात.

यानंतर जे झाले ते मला विसरता येत नाही. तिने एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा वहीकडे. मग काही न बोलता खोडरबर उचलले आणि वहीतला ५ खोडू लागली. मी म्हटले, “अगं, का खोडतेस?”

“संगणक सात म्हणतोय ना.”

ज्या गावात जन्मली त्या गावाचे नाव, ज्या भाषेत बोलायला शिकली ती भाषा, आणि स्वतःच्या बोटांवर मोजलेले उत्तर. हे सगळे तिने एका क्षणात यंत्राच्या आकड्यापुढे मागे घेतले. मी तिचा हात धरला. “खोडू नकोस. आधी तो सात कसा म्हणतो ते बघू.”

ते बघण्याचा मार्ग सोपा होता. एकेका जागेवरचे अक्षर मांजराला बोलायला लावायचे. पहिले आ, दुसरे ग, तिसरे र, चौथे द. इथपर्यंत ठीक. पाचव्या जागी काय आले? ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला नुसता काना! सहाव्या जागी अनुस्वार, एकटाच. सातव्या जागी ड आणि आठव्या जागी पुन्हा काना. म्हणजे यंत्राने ‘दां’ हे एक अक्षर सुटे करून तीन घरांत राहायला पाठवले होते, आणि ‘डा’ला दोन घरे दिली होती.

संगणकाच्या पोटात खरे तर अक्षरे नसतात, आकडे असतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. ‘आगरदांडा’ तिथे असा साठवला जातो: २३१०, २३२७, २३५२, २३४२, २३६६, २३०६, २३३७, २३६६. मोजा, आठ भरतात. यातला २३६६ दोनदा आला आहे, तो काना. ‘दिघी’सारख्या शब्दात आणखी मौज आहे. पहिली वेलांटी आपण ‘द’च्या आधी काढतो, पण साठवताना ती ‘द’च्या नंतर येते. म्हणजे डोळ्यांचा क्रम बाजूला ठेवून यंत्र उच्चाराचा क्रम पाळते.

ही व्यवस्था परदेशी साहेबांनी आपल्यावर लादली, असे कोणाला वाटेल तर तेही खरे नाही. आयआयटी कानपूर आणि नंतर १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आपल्याच अभियंत्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी मोठे काम केले. त्यातून ‘इस्की’ ही पद्धत आकाराला आली आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच. तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ सालच्या मसुद्यावर आधारलेला आहे.

त्या अभियंत्यांपुढे कोणती अडचण होती, हे मी छापखान्यात डोळ्यांनी पाहिले आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात मराठी जुळाऱ्यापुढे कप्प्यांची नुसती रांग असे. साधी अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार आणि वर कितीतरी जोडाक्षरे. शेकडो खिळ्यांवर त्यांचे हात अंधारातही फिरत. तो सारा संसार युनिकोडने देवनागरीसाठी राखलेल्या १२८ जागांत बसवला. तो कसा बसला? मूळ व्यंजने ठेवली, काना-मात्रा वेगळ्या ठेवल्या, आणि जोडाक्षरासाठी पाय मोडल्याची एक खूण ठेवली. म्हणजे ‘म्हसळा’तला ‘म्ह’ हा म, पायमोड आणि ह. मराठीच्या ‘दऱ्या’मधल्या ऱ-लासुद्धा २३५३ हा स्वतःचा क्रमांक आहे. ‘दर्या’ निराळा आणि ‘दऱ्या’ निराळ्या, हे यंत्राला कळते.

आणि ही रीत तरी कोणाची? बालवर्गात आपण सगळे घसा ताणून म्हणत होतो, क-ला काना का, क-ला पहिली वेलांटी कि! बाराखडीच ती. ‘द-ला काना दा, वर अनुस्वार दां’ असे म्हणत शब्द सोडवला तर आगरदांड्यात आठच वस्तू निघतात. संगणक बाराखडी म्हणतो आहे, एवढेच.

पण मराठीत मोजण्याची ती एकच रीत नाही. शब्दकोड्याच्या चौकोनात आपण ‘डा’ काना-मात्रेसकट बसवतो. त्या हिशेबाने पाहिले तर ‘आगरदांडा’त ‘ड’ नाहीच, आहे तो ‘डा’. भेंड्या खेळताना मात्र काना सोडून देतो आणि ‘डा’वर संपलेल्या गाण्याला ‘डो’ने सुरू होणारे गाणेही चालते. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे मोजतात, तिथे जोडाक्षर असो की अनुस्वार असो, अक्षर एकच. मात्रावृत्त आले की हिशेब पुन्हा बदलतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘आगरदांडा’च्या मात्रा मोजा: दोन, एक, एक, दोन, दोन. आठ! मात्र संगणकाच्या आठाशी याचा काही संबंध नाही. ‘श्रीवर्धन’ घेऊन पाहा. मात्रा भरतात सहा, संगणकाची चिन्हे नऊ आणि आपली अक्षरे चार.

म्हणजे ‘ड कितवा?’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. अक्षर कशाला म्हणायचे? ते ठरवल्याशिवाय मोजणे सुरूच होत नाही. संगणकाला ते कोणीतरी एकदा ठरवून दिले, तो इमानाने तसे मोजतो. मी नातीला म्हटले, “त्याला तुझ्या रीतीने मोजायला शिकव की!”

खोडरबर बाजूला पडले आणि दुसरा प्रोग्रॅम सुरू झाला. आता डबे दोन झाले. एक ‘जागा’, तो पूर्वीसारखाच प्रत्येक चिन्हावरून चालत जातो. दुसरा ‘अक्षर’, तो नवे अक्षर सुरू झाले तरच वाढतो. नवे अक्षर सुरू झाले हे कसे ओळखायचे? तिने काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, पायमोड ही सगळी चिन्हे ओळीने एका डब्यात भरली. समोरचे चिन्ह या डब्यात असेल तर ‘अक्षर’ वाढवायचे नाही. ‘आगरदांडा’ घातले, ‘ड’ विचारला, उत्तर आले पाच!

मग तिने शेजारची गावे घेतली. मुरुड तीन, जंजिरा तीन, दिघी दोन, राजपुरी चार. सगळे ठीक. ‘म्हसळा’ मात्र चार निघाले आणि ‘श्रीवर्धन’ सहा. जोडाक्षरे फुटत होती. थोडा वेळ ओटीवर शांतता होती. मग तीच म्हणाली, “आधीच्याचा पाय मोडलेला असेल तर पुढचं अक्षर नवं नाही. ते त्यालाच धरून आहे.” झाला दुसरा नियम. म्हसळा तीन, श्रीवर्धन चार. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचे नाव, शेजाऱ्यांची नावे, एवढेच नव्हे तर जेवणातले पदार्थसुद्धा मोजून झाले.

मी नंतर वाचले, तेव्हा फार बरे वाटले. युनिकोडच्या नियमांतही देवनागरीचे जोडाक्षर बराच काळ दोन तुकड्यांत मोजले जात होते. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत, देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतले जोडाक्षर अखंड एकच धरावे, असा नियम घालण्यात आला. जगभरच्या तज्ज्ञांनी जे कागदावर आणले, त्याच वाटेने ही मुलगी दोन ठोकळे जोडून गेली होती.

कोणी म्हणेल, पाच काय आणि सात काय, कोणाचे काय अडले? अडते. मोबाइलच्या साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीत १६० अक्षरे मावतात, देवनागरी वापरली की ७० चिन्हे. त्यात प्रत्येक काना, प्रत्येक अनुस्वार वेगळा मोजला जातो. नुसते ‘आगरदांडा’ लिहिले की ७०पैकी आठ खर्ची पडतात. अर्जातल्या नावासाठी ‘इतकीच अक्षरे’ अशी मर्यादा असेल तर जोडाक्षरांनी भरलेल्या मराठी आडनावाची जागा लवकर संपते. मग माणसे कंटाळून रोमनमध्ये लिहितात, आणि द-ड, त-ट, न-ण, ल-ळ एकमेकांत मिसळतात. मोजण्याची रीत कोणी, कशी ठरवली, याचा परिणाम असा घरापर्यंत येतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, असे म्हटले आहे. चांगली गोष्ट आहे. पण पालकांना एक विनंती आहे. मूल यंत्रासमोर बसले की त्याला पहिला शब्द ‘ॲपल’ देऊ नका. त्याच्या गावाचे नाव द्या, आजीचे नाव द्या, एखादे जोडाक्षर असलेले आडनाव द्या. आधी बोटांवर मोजून उत्तर वहीत लिहायला सांगा आणि मग यंत्राला विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर उत्तमच. नाही जुळली तर त्याहून उत्तम, कारण शिकणे तिथून सुरू होते. फक्त त्या वेळी मुलाच्या हाती खोडरबर लगेच पडू देऊ नका.

सुट्टी संपताना नातीच्या वहीत दोन ओळी होत्या. ‘चिन्ह म्हणून मोजले तर ७. अक्षर म्हणून मोजले तर ५.’ खाली तिने सरांसाठी एक प्रश्न लिहिला होता, ‘श्रीवर्धनमध्ये र दोन आहेत. एक श्रीच्या पोटात आणि एक धच्या डोक्यावर. त्यांना कितवे म्हणायचे?’ मला त्याचे उत्तर देण्याचा मोह झाला होता, पण मी गप्प बसलो. आज दुपारी जेवणानंतर तुमच्या घरी हा प्रश्न टाकून पाहा. आजीचे उत्तर निराळे येईल, नातवाचे निराळे येईल. दोघांनाही एकच विचारा, “तुम्ही मोजता तरी कसे?”